शपथ कशाची घ्यावी?

२०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं रायफल-नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें. अशा यशानें घरांतील एखाद्या मुलामुलीसही नेमबाजीच्या मंडळांत जावेंसें वाटणें साहजिक आहे. ज्याच्या हातीं बंदूक द्यावयाची, त्याच्याकडून आधीं कांहीं वचन घ्यावें हें युक्तच होय. परंतु तें वचन कशाचें असावें, याविषयीं अमेरिकेंतील अनुभव मननीय असल्यामुळें तो आम्हीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्या देशांतील यादवी युद्धांत सैनिकांचा नेम कच्चा ठरला. तो अनुभव ध्यानीं ठेवून दोन माजी लष्करी अधिकाऱ्यांनीं १८७१ सालीं न्यूयॉर्क येथें ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. पुढें नागरिकांच्या नेमबाजीस उत्तेजन देण्याकरितां १९०३ सालीं सरकारनेंही एक मंडळ नेमलें. या योजनेंत लष्कराच्या जादा रायफली नागरिकांस अल्प किमतींत मिळूं लागल्या. मात्र घेणारा वरील संस्थेचा सभासद असावा, अशी अट कायद्यांत शिरली.

संस्था मुख्यतः नेमबाजीचें शिक्षण देत होती, तोंवर ही अट निरुपद्रवी भासे. पण १९६८ सालीं शस्त्रविक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला आणि १९७५ सालीं संस्थेनें कायदेमंडळावर वजन पाडण्यासाठीं स्वतंत्र शाखाच उघडली. आतां सभासदाची वर्गणी म्हणजे एका राजकीय मतास दिलेला हातभार ठरूं लागला! एका नागरिकानें दाद मागितली आणि १९७९ सालीं वॉशिंग्टन येथील संघराज्याच्या न्यायालयानें ती अट घटनाबाह्य ठरविली.

मग शपथही गेली काय? मुळींच नाहीं. हें काम १९९६ सालापासून एका निराळ्या महामंडळाकडे आहे. त्याच्या कायद्याप्रमाणें इच्छुकानें कांहीं गोष्टी प्रतिज्ञेवर सांगावयाच्या असतात: आपणांस गंभीर गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेली नाहीं, आणि सरकार बळानें उलथून पाडूं पाहणाऱ्या कोणत्याही संघटनेचे आपण सभासद नाहीं.

या दोन बंधनांतील भेद सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे. पहिलें मनुष्यास एका पक्षाशीं बांधतें. दुसरें त्याच्या स्वतःच्या वर्तनाची ग्वाही मागतें. भीष्माचार्यांचेंच पाहा. ब्रह्मचर्याच्या प्रतिज्ञेनें त्यांची कीर्ति अजरामर झाली. पण कुरूंच्या सिंहासनाशीं त्यांनीं मानलेल्या बांधिलकीनें त्यांस अधर्माच्या बाजूस उभें केलें.

म्हणून पालकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, पाल्य नेमबाजीच्या मंडळांत जावो वा अन्य कोठें, प्रवेशपत्रावर सही करण्यापूर्वीं तें शेवटच्या ओळीपर्यंत वाचावें. ‘मी शस्त्र जपून वापरीन, नियम पाळीन’ असें वचन मागितलें तर आनंदानें द्यावें. परंतु ‘संस्था म्हणेल तेंच माझें मत’ असें कोठें अभिप्रेत दिसलें, तर लेखणी खालीं ठेवावी. हात शिस्तीस द्यावा. बुद्धि मात्र गहाण टाकूं नये.