बारा माणसांचा टेबलक्लॉथ

मढ येथील आमच्या कुटुंबाचे जुने घर रिकामे करण्याचे काम गेल्या आश्विनात आम्हा तिघी जावांकडे आले. दिवाळीपूर्वी चाव्या सुपूर्द करावयाच्या होत्या. भांडी एका दिवसात वाटून झाली, कपाटे व पलंग दुसऱ्या दिवशी गेले. परंतु माळ्यावरील पत्र्याच्या एका पेटीने आम्हाला तीन दिवस अडवून ठेवले. त्या पेटीत सासूबाईंचे सात टेबलक्लॉथ होते.

सर्वांत मोठा पांढरा सुती होता. सासूबाईंनी त्याच्या चारही काठांवर निळ्या दोऱ्याने वेल भरली होती. तिन्ही भावांचा व्यापार व स्वयंपाकघर एकच असताना मढच्या घरी बारा माणसांचे जेवणाचे टेबल होते. त्याच्या मापाचा तो होता. आता व्यापार तीन, घरे तीन आणि प्रत्येक घरातील टेबल चार माणसांचे. उरलेल्या सहांत दोन क्रोशाचे, एक सासूबाईंच्या माहेरून आलेला रेशमी, एक आरसेकामाचा चाकळा आणि दोन रोजच्या वापराचे चौकडीचे होते. “हे घेऊन करायचे काय?” हा धाकट्या जाऊबाईंचा प्रश्न रास्त होता. आज हा प्रश्न आपल्या समाजातील अनेक घरांत उभा आहे. म्हणूनच त्याविषयी लिहीत आहे.

टेबलक्लॉथ ही वस्तू मुळात आपली नव्हे. आपल्या आजी-पणजीच्या काळी पाटावर बसून, समोरच्या पाटावर किंवा बाजोटावर थाळी ठेवून जेवण होत असे. पाट पुसला की झाले. त्यावर कापड अंथरण्याचे कारणच नव्हते. कापडाची कला होती ती अन्यत्र: दाराच्या तोरणात, भिंतीवरच्या चाकळ्यात, उपाश्रयातील जरीच्या चंदरव्यात व पुठियात. सौराष्ट्र आणि कच्छमध्ये मुलीच्या आणावरातील वस्तू चाकळ्यात बांधून दिल्या जात आणि सासरी पोहोचल्यावर तोच चाकळा भिंतीवर लागे. तपाच्या उजमण्यात भरजरी छोड भरवून संघाला अर्पण करण्याची रीत आजही आहे. जेवणाचे टेबल मात्र मुंबईच्या व्यापारी घरांत इंग्रजी आणि पारशी राहणीच्या सहवासाने आले आणि त्याच्यामागोमाग त्याचे वस्त्र आले.

कापड आपल्याला परके नव्हतेच. 1874 मध्ये सुरू झालेल्या मुळजी जेठा मार्केटच्या गल्ल्यांत आपल्या किती पिढ्या मोठ्या झाल्या! गादीवर बसून दोन बोटांत कापड चोळून त्याचा पोत सांगणारी माणसे आपल्या घरोघरी होती. नवल इतकेच की, दुकानातील प्रत्येक थानाचा हिशेब ठेवणाऱ्या याच घरांत पेटीतील कापडाचा हिशेब कोणी ठेवला नाही.

प्रथम वापराचा विचार करू. कारण आपल्या आचाराच्या दृष्टीने खरी अडचण तेथेच आहे. उष्ट्या अन्नात अंतर्मुहूर्तात, म्हणजे 48 मिनिटांच्या आत, संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते असे आपण मानतो. थाळी धुऊन ते पाणी पिण्याची रीत त्यातूनच आली. आता आमटीचा थेंब कापडात मुरला, कण घडीत अडकला आणि ते कापड आठवडाभर टेबलावर तसेच राहिले, तर धुऊन प्यायलेल्या थाळीचा अर्थ काय उरला? शिवाय गोडाचा अंश राहिला की मुंग्या येतात, आणि मग त्यांना झटकताना विराधना होते ती वेगळीच.

म्हणून सासूबाईंचा नियम सोपा होता. टेबलक्लॉथ पाहुण्यांच्या जेवणापुरता अंथरायचा, जेवण आटोपताच उचलायचा. तो खिडकीतून फडाफडा झटकायचा नाही; प्रथम पुंजणीने किंवा मऊ कुंच्याने कण ताटलीत गोळा करायचे, मग डागाची जागा लगेच गाळलेल्या पाण्याने धुवायची. चौविहार सांभाळणाऱ्या घरात हे सर्व दिवसाउजेडी होते आणि कापडाला वाळायला थोडे तरी ऊन मिळते. रोजच्या जेवणाला उघडे, पुसता येण्याजोगे टेबल उत्तम. वरून प्लास्टिकचे आवरण घालणे ही मात्र फसवी सोय आहे. त्याखाली ओल कोंडते आणि ओलीत बुरशी धरते.

बुरशीचा प्रश्न मढमध्ये फार तीव्र. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मालाडची खाडी. पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओल जाणवते. हवेतील क्षारांमुळे पत्र्याची पेटी आतून गंजते आणि तो गंज कापडावर तपकिरी ठिपक्यांच्या रूपाने उतरतो. बुरशी आपण अनंतकाय मानतो. ती धरल्यावर धुऊन काढणे ही हिंसा आणि ती धरू न देणे ही यतना. म्हणजे पेटीतील वस्त्राची निगा हा केवळ टापटिपीचा विषय नाही, तो अहिंसेचाही आहे.

या निगेची पद्धत शिकायला दूर जाण्याची आवश्यकता नाही. श्वेतांबर साधु-साध्वी आपल्या प्रत्येक वस्त्राचे सकाळ-संध्याकाळ पडिलेहण करतात. दिगंबर मुनी पिंछीने प्रतिलेखन केल्यावाचून वस्तू उचलत वा ठेवत नाहीत. मुहपत्तीच्या पडिलेहणाचे तर 50 बोल आहेत. वस्त्र उलगडायचे, दोन्ही बाजूंनी उजेडात पाहायचे, जीव असल्यास हळुवार दूर करायचा, मग पुन्हा घडी करायची. जगातील कोणत्याही संग्रहालयात जुन्या वस्त्रांची तपासणी याहून फार वेगळी होत नाही. आपल्या ज्ञानभांडारांतील पोथ्या शतकानुशतके टिकल्या त्याही याच शिस्तीने. पावसाळा सरल्यावर कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या निमित्ताने, पोथ्या बाहेर काढायच्या, पुसायच्या, हवा दाखवायची आणि नव्या वेष्टनात बांधायच्या. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, हेच घडते. पेटीतील वस्त्रांसाठी ज्ञानपंचमीच्या आसपासचा एक दिवस राखून ठेवावा. दिवाळीची साफसफाई नुकतीच झालेली असते आणि हवाही कोरडी असते.

त्या दिवशी काय करावे, हे थोडक्यात सांगते. धुण्यापूर्वी रंग तपासावा: ओला पांढरा कापूस कोपऱ्यावर दाबून धरावा, रंग उतरला तर ते वस्त्र पाण्यात घालू नये. जरीचे व आरशांचे काम पाण्यापासून दूरच ठेवावे. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. घाबरू नये, नीट खळबळून उन्हात वाळवला की तो हळूहळू फिका पडतो. पांढऱ्या सुती कापडावरील गंजाच्या ठिपक्याला लिंबू व मीठ लावून काही वेळ उन्हात ठेवावे आणि मग स्वच्छ धुवावे. ब्लीचिंग पावडरीचा मोह टाळावा, तिने सूत कमजोर होते. ठेवणीतल्या कापडाला खळ करू नये, कारण खळीवर कसर येते. डांबराच्या गोळ्यांऐवजी वाळलेला कडुनिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून, कापडाला न टेकेल असा ठेवावा. डांबराचा वास जीवांना घातक, पाल्याचा केवळ नकोसा. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: वर्षानुवर्षे एकाच घडीवर घडी घालू नये. हे आम्हाला उशिरा कळले. पेटी उघडली तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती बाई आल्या होत्या. मढचे ईस्ट इंडियन लोक मराठीच बोलतात आणि जवळच्या एरंगळला त्यांचे पोर्तुगीज काळातील संत बोनाव्हेंचरचे चर्च आहे. त्या म्हणाल्या, “ताई, वेदीवरचं कापड आम्ही घडी करीत नाही, नळीवर गुंडाळतो. घडी कापडाला खाते.” आम्ही पांढरा टेबलक्लॉथ उलगडला आणि त्यांच्या बोलण्याचा अर्थ डोळ्यांपुढे आला. सासूबाईंनी त्याची आडवी तिहेरी घडी केली होती. त्या दोन्ही घडीरेषांवर सूत पार विरले होते. उचलताच एका रेषेवर तो हातभर फाटला.

आता परिग्रहाचा विचार. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहपरिमाण व्रताचे अतिचार सांगताना क्षेत्र, वास्तू, सोने, धनधान्य यांच्याबरोबर ‘कुप्य’ हा शब्द येतो. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ सांगताना क्षौम, कापूस आणि रेशीम यांची वस्त्रे गणली आहेत. क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याचे, आजच्या भाषेत लिननचे. म्हणजे पेटीतील टेबलक्लॉथही शास्त्राच्या मोजणीतून सुटत नाही. वारशाने आलेली वस्तू आपण विकत घेतलेली नसते, म्हणून ती मर्यादेत धरायची नाही, असे म्हणता येत नाही. थोरल्या जाऊबाईंनी वस्त्रांची मर्यादा घेतलेली आहे व ती एका लहान वहीत लिहिलेली आहे. वाटणीच्या वेळी त्यांनी ती वही उघडली आणि म्हणाल्या, “मला एक घ्यायचं तर घरातलं एक द्यावं लागेल.” घरी जाऊन त्यांनी दोन चादरी देऊन टाकल्या, मगच आपला वाटा उचलला. ते पाहून आम्हा दोघींना आपल्या कपाटांची आठवण झाली, हे प्रांजळपणे सांगते.

याची दुसरी बाजूही आहे. त्याच ग्रंथाने परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, अशी केली आहे. पेटी तीस वर्षे न उघडता ‘आईची आठवण’ म्हणून जपणे ही आसक्ती. आणि न पाहता भंगारवाल्याला देणे हा त्याग नव्हे, तो प्रमाद होय. वस्तूकडे एकदा नीट पाहून तिची योग्य जागा ठरवणे या दोहोंच्या मध्ये बसते.

आम्ही ठरवलेल्या जागा अशा. चौकडीचे दोन्ही कापड मऊ सुती होते. मुंबईची पांजरापोळ 1834 मध्ये शेठ मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने उभी राहिली. जीवदयेची ही परंपरा आपली. म्हणून ते दोन्ही आजारी जनावरांच्या उपयोगासाठी देण्याचे ठरले. अशा ठिकाणी गरज आहे का हे आधी विचारावे, नाहीतर आपली अडगळ त्यांच्या दारी जाते. क्रोशाच्या दोहोंपैकी एक कधीच जेवणाला वापरला गेला नव्हता. तो ज्ञानपंचमीला ग्रंथ मांडण्याच्या चौरंगावर अंथरण्यासाठी राखला. ज्यावर जेवण झाले आहे ते वस्त्र ग्रंथाखाली घालू नये, हा विवेक सर्वांनी पाळावा. दुसरा क्रोशाचा टेबलक्लॉथ नणंदबाईंनी मागून घेतला. चाकळा धाकट्या जाऊबाईंच्या घरी भिंतीवर लागला. टेबलावर तो उगाचच आला होता, त्याची मूळ जागा भिंतच.

रेशमी टेबलक्लॉथवर एकमत झाले नाही. एका रेशमी वस्त्रासाठी हजारो कोशांतील जीव उकळत्या पाण्यात जातात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. नणंदबाईंचा रेशमाचा त्याग आहे; त्यांनी त्याला हातही लावला नाही. धाकट्या जाऊबाईंचे म्हणणे असे की, टाकून दिल्याने गेलेले जीव परत येत नाहीत, उलट कोणाचे तरी कष्ट वाया जातात. थोरल्या म्हणाल्या, समारंभात तो मिरवला तर पाहणाऱ्याला तसाच नवा घ्यावासा वाटेल, आणि ती अनुमोदना आपल्याकडे येईल. तिघींचेही म्हणणे मला पटते. सध्या तो थोरल्यांच्या कपाटात, वापराबाहेर, नळीवर गुंडाळलेला आहे. त्याचा निर्णय अजून झालेला नाही. पडिलेहण मात्र चालू आहे.

राहिला बारा माणसांचा पांढरा. त्याला हात लावायला कोणी धजेना. तो कापणे म्हणजे एकत्र घर कापणे, असे मनात येत होते. शेवटी मधल्या भावांनी, ज्यांचे आयुष्य कापड मोजण्यात गेले, तो जमिनीवर पसरला, घडीरेषांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “कापायचं काय? तो आईच्या घडीवर आपणच वेगळा झाला आहे. आपण फक्त काठ शिवायचे.” विरलेले सूत काढून तीन तुकडे झाले. दोन टोकांच्या तुकड्यांना तीन बाजूंनी निळी वेल आहे, मधल्याला दोनच बाजूंनी. मधला तुकडा मधल्या भावांनी स्वतः घेतला.

गेल्या पर्युषणात संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी पारण्याला तिन्ही कुटुंबे आमच्याकडे जमली. प्रत्येकीने आपला तुकडा आणला होता. दोन टेबले जोडून ते तिन्ही एकाशेजारी एक अंथरले. वेल सांध्यावर तंतोतंत जुळली नाही, शिवणीत गेलेला भाग कमी पडला. जेवण झाल्यावर मुलांनी पुंजणीने कण गोळा केले, डाग धुतले, आणि सूर्य मावळण्यापूर्वी तिन्ही तुकडे वाळून आपापल्या घरी गेले.