घरात आणावी अशी रायफल

काउबॉयच्या हातातली रायफल बहुतेकांनी पडद्यावर पाहिलेली असते. चापाभोवतीची लोखंडी कडी, म्हणजे लिव्हर, खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, वर घेतली की नवं आत जातं. ही रचना पॉइंट टू-टूच्या छोट्या काडतुसासाठी बारीक केली, की अमेरिकेत घरोघरी दिसणारी रायफल तयार होते. सुट्टीच्या दिवशी आई-वडील आणि मुलं आळीपाळीनं तीच वापरतात. पुण्यातल्या एखाद्या घरानं सगळ्यांनी मिळून नेमबाजी करायचं ठरवलं, तर हीच रायफल घ्यावी का? नाही. त्याचं कारण निम्मं कायद्यात आणि निम्मं खेळातच आहे.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीनं १८८७ मध्ये आणलं. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर आणि वजन साधारण अडीच ग्रॅम. मोठ्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या मध्यभागी असतो, इथे तो बुडाच्या काठात भरलेला असतो. फायरिंग पिन तो काठ चेमटवते आणि बार होतो. म्हणून याला रिमफायर म्हणतात. अशी काडतुसं स्वस्त पडतात, मात्र एकदा उडाली की पुन्हा भरता येत नाहीत. खांद्याला धक्का जवळजवळ बसत नाही आणि आवाजही बेताचा असतो. नवख्या माणसाला हेच हवं असतं, कारण धक्क्याच्या भीतीनं डोळे मिटायची सवय एकदा लागली की ती मोडायला फार वेळ जातो.

लिव्हर आणि रिमफायर यांचं नातं जुनं आहे. बेंजामिन टायलर हेन्री यांनी १८६० मध्ये पेटंट घेतलेली लिव्हरची रायफल रिमफायर काडतुसंच उडवत असे. अशा रायफलींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात, म्हणजे प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकतं. मसाला बुडाच्या मध्यात असेल, तर टोकदार गोळी तिथे धोकादायक ठरते. मसाला काठात असला की ही अडचण येत नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांपुढे ही निवड खरोखरच असते. हेन्री कंपनीची साधी एच-००१ पंधरा काडतुसं घेते आणि पहिली रायफल म्हणून सरळ आहे. ब्राउनिंगच्या बीएल-२२ ची लिव्हर फक्त ३३ अंश फिरते आणि चापही तिच्याबरोबर खाली येतो. त्यामुळे बोट चिमटत नाही, म्हणून लहान हातांना ती सोयीची. मार्लिन ३९-ए चा वंश १८९१ पर्यंत मागे जातो. एक स्क्रू सोडवला की तिचे दोन भाग होतात आणि नळी मागच्या बाजूनं साफ करता येते. विंचेस्टरची ९४२२ मात्र १९७२ ते २००५ एवढीच बनली, ती आता जुन्यातच मिळते. निवड कोणतीही असो, नळीच्या मॅगझिनमध्ये काडतूस उरलंय की नाही ते वरून पटकन दिसत नाही. रायफल रिकामी आहे हे पाहून ठरवायचं, मोजून नाही, हा धडा पहिल्याच दिवशी द्यावा लागतो.

कायदा काय म्हणतो

पुण्यात चित्र वेगळं आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार पॉइंट टू-टू हे अग्निशस्त्रच आहे. त्याला परवाना लागतो आणि शहरात तो पोलीस आयुक्तालयातून मिळतो. २१ वर्षांखालच्या व्यक्तीला परवाना मिळत नाही. बारा वर्षांवरच्या मुलाला सराव करता येतो, पण जाणत्या माणसाच्या थेट देखरेखीखाली. सामान्य नागरिकाला परदेशातून रायफल मागवता येत नाही. ती सवलत मुख्यतः नावाजलेल्या नेमबाजांसाठी आहे. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात पॉइंट टू-टू बनते, पण ती बोल्ट ॲक्शन, म्हणजे बोल्ट हातानं मागे-पुढे ओढायची. त्यामुळे लिव्हरची रायफल पुण्यात दिसलीच, तर ती एखाद्या जुन्या परवान्यावरची असणार.

याच कायद्यात एक खिडकी ठेवलेली आहे. एका माणसानं किती शस्त्रं बाळगावीत यावरची मर्यादा, मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीसाठी पॉइंट टू-टू किंवा एअर रायफल वापरताना लागू होत नाही. म्हणजे खेळाची शस्त्रं कोणती, हे कायद्यानं नाव घेऊन सांगितलंय. देशातली नेमबाजी घरातून न वाढता क्लबमधून वाढली, त्यामागे ही रचना आहे. नॅशनल रायफल असोसिएशनच्या १९५१ मधल्या स्थापनेत लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांचा पुढाकार होता. आज राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारा नेमबाज आधी ‘मावळणकर’ ही त्यांच्याच नावाची स्पर्धा खेळून येतो.

पुण्यातली पॉइंट टू-टू

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे, तरी पुणेकराची काडतुसाशी पहिली गाठ बहुधा कॉलेजच्या एनसीसीत पडते. जमिनीवर पालथं झोपायचं, पंचवीस यार्डांवर लक्ष्य, मोजके राउंड आणि मग ‘ग्रुपिंग’ किती आलं याची चर्चा. गोळ्या मध्यभागी लागल्या नाहीत तरी चालतं, एकमेकींजवळ लागायला हव्यात. साइट फिरवून नेम सरकवता येतो, विखुरलेला हात मात्र साइटनं सुधारत नाही. अंजली भागवत यांची नेमबाजीही एनसीसीतूनच सुरू झाली.

त्यापुढचा मुक्काम बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही झाल्या. इथे दहा, पंचवीस आणि पन्नास मीटरच्या रेंज आहेत. नेमबाज गगन नारंग आणि पवन सिंग यांनी ‘गन फॉर ग्लोरी’ अकादमी सुरू केली तीही पुण्यातच, २०११ मध्ये. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात त्यानं ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

स्वप्नीलच्या हातात असते तीही पॉइंट टू-टू आणि तीही रिमफायर, पण तिला मॅगझिन नसतं. प्रत्येक गोळी हातानं ठेवायची, बोल्ट लावायचा, श्वास सोडायचा. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथे झटपट दुसरी गोळी भरण्याला काहीच किंमत नाही. लिव्हरची तर आणखी पंचाईत. पालथं झोपून मारताना कडी खाली ओढायची तर ती जमिनीला अडते, मग रायफल खांद्यावरून हलवावी लागते आणि जमवलेली बैठक मोडते. झोपून मारण्यात विश्वविजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत (म्युनिक, २०१०) जिथे खेळली, त्या खेळात न हलणं हेच कौशल्य आहे.

मग घरात काय आणायचं?

एअर रायफल. चतुःशृंगीच्या जत्रेत फुगे फोडणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीची ही शहाणी बहीण. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर, म्हणजे पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन बोअरची आणि वीस ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. स्पर्धेच्या एअर रायफलचा जोर सात-आठ ज्यूल असतो, पॉइंट टू-टू काडतुसाचा सुमारे एकशे चाळीस. पॉइंट टू-टूची गोळी एक किलोमीटरहून लांब जाऊ शकते, म्हणून तिला पक्क्या बांधाची रेंजच लागते. एअर रायफलला दहा मीटरचा बंदिस्त हॉल पुरतो.

तिचे दोन मुख्य प्रकार. नळी मोडून स्प्रिंग ताणायची रायफल स्वस्त पडते, पण ती ताणायला जोर लागतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच स्प्रिंग रायफल हलवते. दाबलेल्या हवेचं सिलिंडर असलेली पीसीपी महाग, पण स्थिर. दहा-बारा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आजोबांना एकच रायफल वापरायची असेल तर पीसीपीच बरी. खोल भोकं पाडणारी यंत्रं बनवणारी ठाणे जिल्ह्यातली प्रेसिहोल आता एअर रायफलीही बनवते, त्यामुळे वाल्थर किंवा फाइनवर्कबाउसारख्या परदेशी कंपन्या हेच पर्याय उरलेले नाहीत. सेकंडहँड घेताना सिलिंडरवरची तारीख पाहावी. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरातही चालवू नये.

नळीच्या नावापेक्षा दस्ता महत्त्वाचा. बटची लांबी आणि गाल टेकवायची पट्टी वर-खाली करता आली, तर एकच रायफल घरातल्या सगळ्यांना बसवता येते. प्रत्येकाचं माप वहीत लिहून ठेवावं. मान वाकवून साइटपर्यंत पोचावं लागत असेल, तर रायफल बसलेली नाही. वजनही बघावं. स्पर्धेच्या नियमानुसार कमाल साडेपाच किलो चालत असलं, तरी मुलांना त्याहून बरीच हलकी हवी. रायफल वाटून घेता येते, जॅकेट नाही. ते ज्याचं त्याच्याच अंगाला घट्ट बसावं लागतं आणि हा खर्च पालक हमखास विसरतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एअर रायफलचा मोठा गुण म्हणजे ड्राय प्रॅक्टिस. चांगल्या एअर रायफलीत हवा न सोडता फक्त चाप ओढायची सोय असते. हॉलच्या भिंतीवर काळा ठिपका चिकटवायचा आणि छर्रा न घालता रोज वीस मिनिटं नेम धरायचा. साध्या रिमफायर रायफलीत हे करू नये. काडतूस नसताना फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटते आणि काठ खराब होतो. नवख्याची प्रगती बरीचशी या कोरड्या सरावातूनच होते.

शिस्त मात्र पॉइंट टू-टूचीच पाळायची. नळी कायम सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, रायफल कुलपात आणि छर्रे वेगळ्या कपाटात. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सराव संपला की जेवणाआधी हात साबणानं धुवायचे. गच्चीतून कबुतरांवर नेम धरणाऱ्या मुलाकडून रायफल त्याच दिवशी काढून घ्यावी.

खरेदीची घाई करू नये. पहिले काही महिने क्लबच्या रायफलीवर सराव करावा, मग जॅकेट घ्यावं, रायफल शेवटी. तोवर घरात कोण टिकतं ते कळलेलं असतं, आणि रायफल त्याच्याच मापाची घ्यायची असते. बरेचदा ते हट्ट धरणारं पोर नसतं, त्याला रेंजवर सोडायला येणारी आई असते.