लेखांक सातवा : निळ्या सशाची सनद

गेल्या लेखांकात आपण पाचिरिसू या खारीचा विचार केला. २०१४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पोकेमॉनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क यांनी या नगण्य मानल्या गेलेल्या खारीला संघात घेतले, आणि तिने शत्रूचे आघात स्वतःकडे ओढून घेऊन सोबत्यांना रान मोकळे करून दिले. तिचा गुण तितिक्षेचा होता. आज ज्या प्राण्याकडे वळावयाचे आहे, तो मात्र सोसणाऱ्यांपैकी नसून मारणाऱ्यांपैकी आहे, आणि त्याच्या मुखाकडे पाहून ही शंकासुद्धा कोणाच्या मनात येऊ नये अशी त्याची मुद्रा आहे.

याचे नाव अझुमॅरिल. गोल निळे अंग, सशासारखे लांब कान, पोटावर साबणाच्या फेसाची आठवण करून देणारे बुडबुडे, शेपटीच्या टोकाला चेंडू; उंची ०.८ मीटर, वजन २८.५ किलो. खेळातील प्राणिकोशात याचे वर्णन असे की, कोणी बुडताना दिसल्यास हा हवेचा फुगा करून त्याला श्वास पुरवितो. १९९९ साली 'गोल्ड' व 'सिल्व्हर' या खेळांतून तो जपानात अवतरला तेव्हा युद्धशास्त्र जाणणाऱ्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, आणि त्यांचे चुकलेही नव्हते. कारण प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे अटॅकचा, म्हणजे प्रहारशक्तीचा, जो जन्मजात आकडा मांडलेला असतो, तो याच्या खाती अवघा ५० आहे. आकाशात विहरणारा महानाग रेक्वाझा याच्या खाती तोच आकडा १५० आहे.

तीन वर्षांनी, २००२ साली, 'रुबी' व 'सफायर' या खेळांत प्रत्येक प्राण्याला ॲबिलिटी म्हणून एकेक विशेषाधिकार बहाल करण्यात आला, आणि अझुमॅरिलच्या वाट्याला येऊ शकणाऱ्या अधिकारांत 'ह्यूज पॉवर' नावाची एक सनद होती. तिच्यात एकच कलम : अटॅक दुप्पट. आता पन्नासाची दुप्पट शंभर, आणि शंभर म्हणजे रेक्वाझाच्या दीडशेपुढे तरीही उणेच, असा हिशेब कोणी करील तर तो फसेल. कारण ही दुप्पट जन्मजात आकड्याची नसून अखेरच्या बेरजेची आहे. पन्नासाव्या पायरीवर पूर्ण शिक्षण दिलेल्या व प्रहाराला अनुकूल स्वभावाच्या रेक्वाझाची बेरीज २२२ भरते. त्याच अटींवर अझुमॅरिलची भरते ११२, आणि शिक्षणाने व स्वभावाने पडलेली भर जन्मजात भांडवलासकट दुप्पट होऊन ती २२४ वर जाते. दोनच अंकांनी का होईना, सशाचे पारडे महानागापेक्षा जड ठरते!

परंतु सनद हाती असणे आणि तिचा वसूल हाती येणे यांत अंतर असते, हे ज्यांनी जुनी दप्तरे चाळली आहेत त्यांस सांगावयास नको. त्या काळच्या कायद्याप्रमाणे जलजातीची सारी अस्त्रे स्पेशल अटॅक या निराळ्या खात्यावर मोजली जात. सबब ह्यूज पॉवरचा लाभ पाण्यातल्या प्राण्याला पाण्याच्याच अस्त्रांत मिळत नसे. २००६ सालच्या 'डायमंड' व 'पर्ल' या खेळांनी हा कायदा फिरविला. अस्त्र कोणत्या जातीचे यापेक्षा ते अंगबळाने मारावयाचे की दुरून, हे पाहून खाते ठरू लागले, आणि त्याच खेळांत 'ॲक्वा जेट' हे अस्त्रही आले. त्याची धार बेताची, केवळ ४०. परंतु ते सहसा प्रतिपक्षाच्या आधी सुटते, आणि ज्याचा वेग मुळातच ५० आहे अशा मंदगतीला याहून मोठे दान कोणते?

खरा चमत्कार २०१३ साली, 'एक्स' व 'वाय' या खेळांत घडला. तेव्हा अझुमॅरिलला परीची जात जोडून मिळाली आणि ड्रॅगन जातीची अस्त्रे त्याला स्पर्श करीनाशी झाली, ही गोष्ट मोठी खरी. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते त्याहून महत्त्वाची सुधारणा वारसाहक्काची होती. काही विद्या पिलांना अंड्यातूनच मिळतात. तोवर त्या केवळ पित्याकडून येत, आणि 'बेली ड्रम' व 'ॲक्वा जेट' या दोन्ही विद्या एकत्र देऊ शकेल असा पिताच अझुमॅरिलच्या कुळाला लाभत नसे. नव्या कायद्याने मातेलाही विद्या देण्याचा अधिकार मिळाला, आणि एक विद्या आईची, दुसरी बापाची, असे सव्यसाची पिलू जन्मास आले. (त्याच वर्षी कोण्या उदार हाताने या प्राण्याचा स्पेशल अटॅक ५० वरून ६० केला. त्याचा उपयोग काय, हे अद्यापि उलगडलेले नाही.)

बेली ड्रम म्हणजे स्वतःचे पोट ढोलासारखे बडविणे. त्यात निम्मे आयुष्य खर्ची पडते आणि बदल्यात अटॅक चौपट होतो, म्हणजे २२४ चे ८९६. आयुष्य निम्म्यावर येताच हातचे सिट्रस बेरी हे फळ खाल्ले जाऊन चौथा हिस्सा परत मिळतो. पण येथे एक कारकुनी खाच आहे. पूर्ण शिक्षणाने आयुष्य २०७ होते, विषम आकड्यामुळे ढोलाची किंमत १०३ वसूल होते, शिल्लक १०४ म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त उरते, आणि फळ हातात तसेच राहते. म्हणून जाणते खेळाडू आपल्या सशाला मुद्दाम एका अंकाने अल्पायुषी करून २०६ वर ठेवतात! मग प्रतिपक्षाने आपल्या जलद घोड्यांना कितीही टाच मारली, तरी बहुतेकांच्या आधी ॲक्वा जेट जाऊन आदळते.

यावर उतारे नाहीत असे नाही. विद्युत, वनस्पती व विष या जातींपुढे हा दुबळाच आहे. २०१६ साली तर टापू लेले नावाची एक देवता आली, तिच्या आगमनाने रणभूमीवर 'सायकिक टेरेन' पसरते, आणि ते असेतो भूमीवर उभ्या असलेल्या कोणावरही अशी आधी सुटणारी अस्त्रे चालत नाहीत. सर्वांत मौजेचा उतारा मात्र क्वॅगसायर या सदैव हसतमुख, मठ्ठ दिसणाऱ्या प्राण्यापाशी आहे : 'अनअवेअर' हा अधिकार त्याच्यापाशी असला तर शत्रूने ढोल वाजविला होता याची त्याला वार्ताच नसते, आणि ८९६ चे पुन्हा २२४ होतात, सनदेची दुप्पट तेवढी त्यालाही नाकारता येत नाही. या मठ्ठपणाचे शास्त्र पुढील लेखांकात पाहू.