मालिशचा दर कसा ठरवावा?

नगर (आता अहिल्यानगर) शहरातलं सावेडी असो, केडगाव असो की जिल्ह्यातलं संगमनेर-कोपरगाव, घरोघरी जाऊन मालिश करणाऱ्या बाईला पहिला प्रश्न येतो, ‘मावशी, किती घेता?’ आणि मावशी म्हणतात, ‘तुम्हीच बघून द्या.’ समोरचा बघून देतो, म्हणजे शेजारच्या घरी जे दिलं होतं तेच देतो. शेजारच्या घराचा आकडाही असाच कुणीतरी बघून दिलेला असतो. या साखळीत मावशींचं पेट्रोल, तेल आणि दुखणारं मनगट कुठेच मोजलं जात नाही. ते मोजून आकडा कसा काढायचा, त्याची ही मांडणी आहे. स्पाची नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करणाऱ्या मुलामुलींनाही ती तितकीच लागू पडते.

संकोच कुठून आला

गावगाड्यात मालिशला रोकडा दर नव्हता. न्हावी बलुतेदार होता. डोक्याला तेल घालणं, अंग रगडणं ही कामं तो करायचा आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचा. सुईणीला लुगडं, नारळ, धान्य मिळायचं. तालमीत तर पैशाचा प्रश्नच नसे, एका पैलवानाने दुसऱ्याचं अंग रगडायचं हा शिरस्ताच होता. त्या व्यवहारात दर नसला तरी वर्षाचं धान्य बऱ्यापैकी ठरलेलं असे. आता बलुतं गेलं, धान्य गेलं आणि पैसे मागण्याचा संकोच तेवढा मागे राहिला. हा संकोच सर्वांत जास्त बायकांना नडतो, कारण त्यांच्या कामाकडे आजही ‘घरातलंच काम’ म्हणून पाहिलं जातं.

एक साधा ताळा करून पाहा. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. तीन घरं शंभर-शंभर रुपयांत केली तर हातात 300 येतात, आणि पेट्रोल-तेल त्यातूनच जातं. शिकलेल्या हातांना अकुशल मजुरीपेक्षा कमी मिळतंय, हे त्या 300 रुपयांकडे नुसतं पाहून लक्षात येत नाही.

आधी वहीत खर्च मांडा

दर वरून ठरवू नका, खालून चढत जा. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापले घालून पाहा.

घर चालवायला महिन्याला 18,000 रुपये लागतात असं धरू. धंद्याचा खर्च वेगळा: पेट्रोल 2,000, तेल 1,500, टॉवेल-चादरी आणि त्यांची धुलाई 600, मोबाईल 300, टेबल-गादी आणि गाडीच्या दुरुस्तीसाठी बाजूला 400, स्वतःच्या आजारपणासाठी 1,200. हे झाले 6,000. म्हणजे महिन्याला 24,000 रुपये आलेच पाहिजेत.

आता भेटी मोजा. महिन्यात कामाचे दिवस 22, दिवसाला तीन घरं, म्हणजे 66 भेटी. त्यातल्या सहा तरी हुकणार: कुणी गावाला गेलं, कुणाकडे पाहुणे आले, कुणी दारात गेल्यावर ‘आज नको’ म्हणालं. राहिल्या 60. चोवीस हजारांना साठने भागा, 400 रुपये येतात. हा आपला तळ, याच्या खाली गेलं की पदरचे जातात. पण तळाच्या दराने काम केलं तर शिल्लक शून्य राहते. पुढचा कोर्स, पावसाळ्यातले रिकामे दिवस, मुलांची फी यासाठी काही उरायला हवं, म्हणून दर 500 धरावा.

दिवसाला तीनच घरं का, पाच का नाहीत? मालिश तासाची असली तरी भेट तासाची नसते. भिंगारहून बोल्हेगावला जायचं, तेल कोमट करायचं, चादर घालायची, शेवटी हात धुऊन सगळं आवरायचं, यात पाऊण तास सहज जातो. आणि दुसरं कारण हातांचं. अंगठ्याचं मूळ, मनगट आणि कंबर हीच या कामातली हत्यारं, आणि ती बदलून मिळत नाहीत. पाच-पाच घरं धरणाऱ्या बाईचे अंगठे काही वर्षांत बोलू लागतात. त्यामुळे दोन घरं वाढवण्यापेक्षा दर शंभरने वाढवणं केव्हाही शहाणपणाचं.

बाळ-बाळंतिणीचे चाळीस दिवस

आपल्याकडे मालिशचं सर्वांत मोठं काम हेच, आणि दराचा सर्वांत मोठा घोळही इथेच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बाळाला तेल लावायचं आणि आंघोळ घालायची. प्रत्यक्षात मावशी सात वाजता येतात. आधी बाळंतिणीची मालिश: पाय, कंबर, पाठ, खांदे. मग तिची कढत पाण्याची आंघोळ. मग मावशी पाटावर पाय पसरून बसतात, बाळाला नडग्यांवर घेतात, हातापायांना, छातीला, पाठीला तेल जिरवतात, एका हाताने मान सावरत पाणी घालतात, पुसून गुंडाळून आईजवळ देतात. बाळ रडलं तर थांबायचं, प्यायला मागितलं तर थांबायचं. दीड ते दोन तास जातात, त्यात रविवार नाही की सण नाही.

हे काम उक्तं घ्यावं, पण आकडा रोजच्या दरावरून काढावा. 500 रुपयांनी चाळीस दिवसांचे 20,000 होतात. यात भेटी हुकत नाहीत, गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, म्हणून आपले साधारण दहा टक्के वाचतात. तेवढीच सूट द्यावी, म्हणजे 18,000. घरच्यांना ते जड वाटलं तर दर न पाडता काम कमी करावं: एकवीस दिवस, किंवा फक्त बाळ, किंवा बाळंतिणीला एक दिवसाआड. कमी पैशात पूर्ण चाळीस दिवस एकदा दिले की त्या घराच्या सगळ्या नात्यागोत्यात तोच दर पसरतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी मोजत नाही. बाळंतिणीची सगळी घरं सकाळचीच वेळ मागतात. सात ते अकरा या वेळात दोनच घरं बसतात. ही वेळ महाग ठेवा आणि दुपार-संध्याकाळ स्वस्त. गुडघे धरलेल्या आजोबांना किंवा पाठ आखडलेल्या दुकानदाराला चार वाजता चालतं, त्यांना पन्नास रुपये कमी सांगता येतात.

पैसे कधी घ्यायचे? एक भाग पहिल्या दिवशी, दुसरा पंधराव्या दिवशी, उरलेला तिसाव्या दिवसापर्यंत. शेवटच्या दिवसावर काही ठेवू नये. बाळंतीण मध्येच सासरी जाते, बारसं झालं की घरातलं लक्ष पांगतं. मध्येच काम थांबलं तर झालेल्या दिवसांचे पैसे रोजच्या दराने, सूट न धरता, हे पहिल्याच दिवशी सांगावं. निरोपाची साडी-चोळी आनंदाने घ्यावी, पण ती अहेर आहे. तिची किंमत दरात धरू देऊ नये.

‘ऊसबिल आल्यावर देतो’

राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी हा कारखान्यांचा पट्टा. सहकारी साखर कारखानदारी 1950 मध्ये प्रवरेच्या काठी याच जिल्ह्यात उभी राहिली. इथला पैसा महिन्याला येत नाही, गाळपाच्या हंगामात येतो. ऊस गेल्यावर 14 दिवसांत बिल द्यावं असा कायदा असला तरी शेतकऱ्याला कधी कधी थांबावं लागतं, आणि मग त्याच्या दारचे सगळेच थांबतात. अशा घराला नकार देण्याची गरज नाही, माणसं पैसे बुडवणारी नसतात. मात्र उधारीची मर्यादा वहीत लिहून ठेवा: पाच भेटींपर्यंत थांबू, सहावीला निम्मे रोख. तेल तेवढं त्यांच्या घरचंच वापरा, म्हणजे उधारी फक्त श्रमाची राहते. आणि उधारीला सूट कधीच नाही, ती आगाऊ देणाऱ्यासाठी. दहा भेटींचे पैसे आधी दिले तर अकरावी मोफत, असं सांगता येतं.

अंतर, आणि शिर्डीचं गिऱ्हाईक

पेट्रोल लिटरला 105 रुपयांच्या घरात आणि गाडी 45 किलोमीटर देत असेल, तर किलोमीटरला साधारण सव्वादोन रुपये नुसतं इंधन. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग धरून चार रुपये धरावेत. पाच किलोमीटरपर्यंत दरातच, पुढे जाऊन-येऊन चार रुपयांनी वेगळे.

शिर्डीत हॉटेलमार्फत काम आलं तर हॉटेल आपला वाटा मागणार. वाटा गेल्यावर हातात 500 उरतील असा आकडा सांगा. अनोळखी खोलीत बाईने एकटीने जायचं की नाही, हा दराचा प्रश्न नाही. दुप्पट पैसे मिळाले तरी मनाला पटत नसेल तर जाऊ नये.

नकार देता येईल एवढा दर

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. एकाच पोटरीला सूज आहे, ती गरम लागते, दुखते, अशा माणसाची मालिश करायची नसते. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती हलू शकते. ताप, ताजी जखम, त्वचेचा संसर्ग यांतही हात लावू नये. सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटाला डॉक्टरांनी सांगेपर्यंत तेलाचा हात नको. अशा वेळी दारातून परत फिरावं लागतं आणि त्या दिवसाचे 500 जातात. ज्याचा दर तळालाच टेकलाय, त्याला हे परवडत नाही. मग तो मनाशी म्हणतो, हलक्या हाताने करू, आणि धोका तिथेच असतो.

नगरमध्ये 1917 पासूनचं गंगाधरशास्त्री गुणे आयुर्वेद महाविद्यालय आहे, शहरात पंचकर्माचे दवाखानेही आहेत. तिथल्या अभ्यंगाशी आपला दर ताडून पाहायला हरकत नाही. पण तिथे वैद्य तपासून सांगतात, आपण तपासत नाही. ‘संधिवात बरा करतो’ असं सांगून जास्त पैसे घेऊ नयेत. जाहिरातीत असे दावे करायला 1954 च्या जादुई उपाय कायद्याचीही अडचण आहे. अंग मोकळं होतं, झोप लागते, बरं वाटतं, एवढं खरं आहे आणि तेवढ्याचे पैसे ताठ मानेने मागता येतात.

कर आणि नोंदणी

सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. आपल्या उदाहरणातली बाई वर्षाला साडेतीन-चार लाखांपर्यंत जाते, म्हणजे तिने बिलात कर लावायचाच नाही. स्पा-सलूनसारख्या सेवांवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. उद्यम नोंदणी मोफत असते, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पैसे यूपीआयवर घेतले की बँकेत नोंद राहते, पुढे कर्ज काढताना ती कामी येते.

सूट, सेवा आणि दरवाढ

आषाढीच्या आधी त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरकडे जाते, आणि वाटेवर वारकऱ्यांचे पाय रगडायला गावोगावचे लोक बसतात. तिथे जरूर जावं. तो दिवस 22 दिवसांत धरू नये, म्हणजे सेवा मनापासून होते आणि तिचा भार गिऱ्हाइकावर पडत नाही. गरीब घराला सूट द्यायची तर तीही मोजून द्यावी, महिन्याला दोन-तीन घरं.

दर वर्षातून एकदा वाढवावा आणि त्याची तारीख ठरलेली असावी. गुढीपाडवा सोयीचा पडतो, लोकांच्या लक्षात राहतो. महिनाभर आधी सांगा, सुरू असलेले चाळीस दिवस जुन्याच दराने पूर्ण करा, आगाऊ भरलेल्या भेटींना हात लावू नका. सांगताना तेल किती महागलं याचं गाऱ्हाणं नको. ‘पाडव्यापासून साडेपाचशे घेते’ एवढं पुरे. दहातली दोन घरं सुटली तरी घाबरू नका: आठ घरांचे 4,400 होतात, दहांचे 5,000 होत होते. सहाशे रुपये कमी आले, पण दोन घरांचं पेट्रोल-तेल वाचलं आणि सकाळची एक वेळ नव्या बाळंतिणीसाठी मोकळी झाली.