स्वस्त रेडिएटर घेताना ओळी मोजू नका

१९३२ च्या फोर्डमध्ये शेवरलेचं ३५० स्मॉल-ब्लॉक इंजिन बसवायचं ठरलं की पैसे वाचवायला पहिली कात्री रेडिएटरवर चालते. वाचवा, पण योग्य जागी. फोर्डच्या मूळ फ्लॅटहेड व्ही-८ ला दोन वॉटर पंप, म्हणून रेडिएटरला वर दोन आणि खाली दोन तोंडं. शेवरलेला वर एक, खाली एक, आणि खालचं बहुधा उजवीकडे. त्यामुळे जुना रेडिएटर फुकट मिळाला तरी तोंडं बदलून, डाग देऊन घेण्यात बचत उरत नाही. शेवरलेच्या तोंडांचा साधा, नळ्यांच्या दोन ओळींचा ॲल्युमिनियम रेडिएटर घ्या.

‘तांबं उष्णता जास्त वाहतं, मग चार ओळींचं तांबं-पितळच बरं,’ असं जुनेजाणते सांगतात. धातूपुरतं ते खरंच आहे. पण तांब्या-पितळेच्या नळ्या साधारण अर्धा इंच रुंद. ॲल्युमिनियमच्या एक इंच किंवा जास्त, म्हणून दोन ओळींतही नळ्यांमधल्या पत्र्याला टेकणारा पृष्ठभाग भरपूर मिळतो. शिवाय मागच्या ओळींना पुढच्यांनी तापवलेली हवा मिळते. स्वस्त ॲल्युमिनियमला चिरा जातात, हा आक्षेप मात्र रास्त आहे. जुनी चासी पिळवटते, तो ताण सांध्यांवर येतो. रेडिएटर रबरावर बसवा, घट्ट आवळू नका. वाचलेले पैसे श्राउडवर, म्हणजे पंख्याभोवतीच्या आवरणावर, घाला. श्राउड नसेल तर पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोलातूनच हवा ओढतो, कोपरे कोरडे राहतात आणि सिग्नलला उभी गाडी तापते.