एसयूव्हीला विंटर टायर लावावेत का? उत्तर प्रकाशाच्या रस्त्यावर शोधा

डिसेंबर आला की मनालीच्या बर्फात घसरणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ मोबाईलवर फिरायला लागतात. खाली कमेंटमध्ये एक सल्ला हमखास असतो, ‘विंटर टायर लावा.’ दारात महागडी एसयूव्ही उभी असली की मालकालाही वाटतं, गाडी एवढी भारी आहे, तर टायरही सगळ्यात भारी बसवू.

पण हीच गाडी वर्षभर नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा, शहादा, तळोदा या पट्ट्यात फिरणार असेल तर? बर्फासाठी बनवलेला टायर इथे नुसता वाया जात नाही, तर धोक्याचाही ठरू शकतो.

विंटर टायर म्हणजे नेमकं काय?

टायरचं रबर थंडीत कडक होतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरची पकड कमी व्हायला लागते. विंटर टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, म्हणजे शून्याखालीही ते लवचिक राहतं. त्याच्या खाचा खोल असतात आणि रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या बारीक चिरा असतात. या चिरा बर्फात रुततात आणि पकड देतात.

असा टायर ओळखायचा त्याच्या कडेवरच्या चिन्हावरून: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा कण. बर्फावरची ठरलेली चाचणी पास झाल्याशिवाय हे चिन्ह मिळत नाही. ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, ही अक्षरं मात्र भारतातल्या अनेक एसयूव्हींच्या टायरवर असतात. तो कंपनीचा स्वतःचा दावा असतो, चाचणीचा शिक्का नव्हे.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा फरक चांगलाच माहीत आहे. तिथे बर्फ किंवा बर्फाळ चिखल असलेल्या रस्त्यावर योग्य टायरशिवाय गाडी चालवली तर दंड होतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे नुसतं ‘एम प्लस एस’ चालत नाही, डोंगराचं चिन्ह लागतंच. ऑक्टोबरमध्ये विंटर टायर बसवायचे आणि ईस्टरच्या सुमारास काढायचे, असा तिथला रिवाज आहे. म्हणजे जिथे हे टायर खरोखर लागतात, तिथेही ते बारा महिने ठेवत नाहीत.

मग प्रकाशाला ते का चालत नाहीत?

प्रकाशा हे तापी-गोमाईच्या संगमावरचं गाव, दक्षिण काशी म्हणून ओळखलं जाणारं. तापीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा सहज ४० अंशांच्या वर जातो आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. थंडीतही दुपारी इथे चांगलंच ऊन असतं.

जिल्ह्यात गारठा पडतच नाही, असं नाही. सातपुड्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात काही वर्षी पहाटे दवबिंदू गोठतात. पण ते गवतावर आणि छपरांवर, तेही काही तासांपुरते. गाडी घसरावी असा बर्फाचा थर रस्त्यावर साचत नाही.

तापलेल्या डांबरावर विंटर टायरचं मऊ रबर अजून मऊ पडतं. खाचांमधले ठोकळे हलायला लागतात. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते, वळणावर ढिली वाटते आणि टायरही भराभर झिजतो. दोन टनांहून जड एसयूव्हीसमोर उसाची ट्रॉली अचानक वळली, तर ते वाढलेलं अंतरच जिवावर बेततं.

इथला खरा शत्रू कोण?

ऊन आणि कमी हवा, ही जोडी. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. त्या वाकण्यातून आत उष्णता तयार होते. वर रस्ता तापलेला, गाडी भरलेली आणि वेग जास्त असेल, तर टायरचे आतले थर सुटायला लागतात आणि तो फुटतो.

इथेच एक जुना गैरसमज घात करतो: ‘उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवा.’ तापमान १० अंशांनी वाढलं की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. टायर बनवताना ही वाढ हिशेबात धरलेली असते. सकाळी ३५ असलेला दाब दुपारी ४० दिसला म्हणून पाच पीएसआय हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये जेमतेम ३० उरते. म्हणून हवा नेहमी सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासायची. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणावर लिहिलेला असतो. नायट्रोजन भरला तरी हे तपासणं चुकत नाही.

७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर कारना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तिथे टायर फुटून अपघात झाले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाने वाहनांचे टायर तपासायला सुरुवात केली होती.

टायर घेताना काय पाहायचं?

वजनाचा आकडा: टायरवर २३५/६० आर १८ १०७ व्ही असं काही लिहिलेलं असतं. यात १०७ म्हणजे एक टायर ९७५ किलो पेलतो आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी वजनाचा टायर स्वस्त मिळाला तरी नको.

उष्णतेची श्रेणी: बऱ्याच टायरवर ‘टेम्परेचर’ या शब्दापुढे ए, बी किंवा सी असतं. ए म्हणजे उष्णता सर्वात चांगली सोसणारा. तापीकाठी हे अक्षर डोंगराच्या चिन्हापेक्षा मोलाचं आहे.

जन्मतारीख: कडेवरच्या लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर ‘नवीन’ म्हणून घेऊ नका.

आयएसआयचं चिन्ह: भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरला ते लागतं. बाहेरून आणलेल्या टायरवर ते नसेल तर सौदा सोडलेला बरा.

कडेची उंची: मोठी रिम आणि बारीक टायर फोटोत छान दिसतात. पण खड्ड्यात आपटल्यावर रिम आणि टायर दोन्ही जातात. कंपनीने परवानगी दिलेल्या मापांपैकी जाड कडेचं माप निवडा.

चारही सारखे: चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत दोन टायर नवे आणि दोन घासलेले असले, तर गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो. किती फरक चालतो, हे गाडीच्या पुस्तिकेत असतं.

बदलायचे कधी? कारसाठी खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, असा नियम आहे. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की टायरची मुदत संपली. पावसाळ्यात तोरणमाळचा घाट चढणार असाल, तर तिथवर थांबू नका. खाचा उथळ झाल्या की टायरखालचं पाणी बाहेर पडत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते.

आणि बर्फात जायचंच असेल तर?

वर्षातून एकदा आठवडाभर मनाली किंवा काश्मीरला जाण्यासाठी विंटर टायरचा सेट घेणं परवडत नाही. शिवाय ते लावून प्रकाशाहून निघालं, तर हजारभर किलोमीटर कोरड्या रस्त्यावरच झिजवावे लागतात. त्यापेक्षा आपल्या टायरच्या मापाच्या स्नो चेन सोबत ठेवा. आधी पुस्तिकेत पाहा, कारण काही रुंद टायरना चेन बसतच नाही. चेन लावल्यावर वेग ताशी ५० च्या आत ठेवा आणि बर्फ संपला की लगेच काढा. नाहीतर गाडी खाली लावून तिथली टॅक्सी करा. ती चालवणाऱ्याला रस्ताही माहीत असतो.

फोर व्हील ड्राइव्हच्या भरवशावर मात्र राहू नका. ती गाडीला पुढे ढकलते. थांबवण्याच्या वेळी रस्त्याला चिकटलेलं असतं ते फक्त चार टायरचं रबर, प्रत्येकी साधारण तळहाताएवढं. मग तो रस्ता बर्फाचा असो की प्रकाशाचा.