आयकॉन केवढा असावा?

डेस्कटॉपवरचे आयकॉन लहान-मोठे करण्याची सोय विंडोजमध्ये अगदी हाताशी असते. मोकळ्या जागेवर माउसचे उजवे बटण दाबले की यादी उघडते. तिच्यातल्या ‘व्ह्यू’मध्ये लार्ज, मीडियम आणि स्मॉल असे तीन आकार मिळतात. कंट्रोल कळ दाबून माउसचे चाक फिरवले, तर अधलीमधली मापेही मिळतात. चाक पुढे फिरवले की आयकॉन वाढतात, मागे फिरवले की आक्रसतात.

पडद्याचे स्केल 100 टक्के असताना स्मॉल आयकॉन 32 पिक्सेल रुंद आणि तेवढाच उंच असतो. मीडियम 48 आणि लार्ज 96 पिक्सेलचा. मीडियमचा लार्ज केला की लांबी-रुंदी दुप्पट होते, पण जागा चौपट लागते; 2304 पिक्सेलचे 9216 होतात. आयकॉन मोठे करताच पडदा भरून जातो तो यामुळे.

1984 च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी 32 बाय 32 घरांच्या चौकटीत, एकेक घर काळे-पांढरे भरत आयकॉन रेखाटले. आता विंडोजच्या एकाच आयकॉन फाइलमध्ये एका चित्राच्या अनेक मापांच्या प्रती असतात, थेट 256 पिक्सेलपर्यंत. जुन्या प्रोग्रॅममध्ये मोठी प्रत नसेल, तर वाढवलेल्या आयकॉनच्या कडा धूसर होतात किंवा मोठ्या चौकटीत छोटे चित्र अडकून राहते.

छायाचित्रांच्या फोल्डरमध्ये आकाराचे महत्त्व आणखी वाढते. उदाहरणार्थ, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पासारख्या जंगलात व्याघ्रगणनेसाठी कॅमेरा ट्रॅप लावतात. समोरून काही हलले की कॅमेरा छायाचित्र टिपतो. त्यात वाघ असतो, तसे सांबर, रानगवा, रानकुत्र्यांचा कळपही असतो, आणि कधी नुसते वाऱ्याने डोललेले गवत. हा ढीग संगणकावर उतरवल्यावर स्मॉल आयकॉनमध्ये फाइलींची नावेच काय ती वाचता येतात. कंट्रोल आणि शिफ्टसोबत 1 दाबले की एक्स्ट्रा लार्ज आयकॉन येतात आणि गवताची छायाचित्रे चटकन बाजूला काढता येतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे आणि त्याच्या दोन्ही कुशींवरचेही वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. हे पट्टे जुळवायला मात्र मूळ छायाचित्रच उघडावे लागते. आयकॉन फक्त निवड करायला उपयोगी.

आयकॉन दिसतो पण बाकीची अक्षरे वाचवत नाहीत, अशी अडचण असेल तर आयकॉन वाढवून भागत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या वाटेने जाऊन ‘स्केल’ 125 किंवा 150 टक्के केले की अक्षरे, बटणे, आयकॉन सगळेच वाढते. घरातल्या चष्मा लागलेल्या ज्येष्ठांसाठी हा बदल आधी करावा. मॅकवर डेस्कटॉपवर उजवी क्लिक करून ‘शो व्ह्यू ऑप्शन्स’ उघडले की आयकॉनच्या मापाची सरकपट्टी मिळते.

आकार बदलल्याने मूळ फाइलला धक्का लागत नाही. ती लहानही होत नाही, जडही होत नाही. डेस्कटॉपवरची मांडणी तेवढी विस्कटू शकते. ‘व्ह्यू’मधले ‘ऑटो अरेंज’ निवडले की आयकॉन पुन्हा ओळीत बसतात, आणि ‘मीडियम’ निवडले की आकार पूर्ववत होतो.